गुगल स्कॉलर प्रोफाइल: हिशेब चोख, पण नावं तपासून घ्या

मी एका मेडिकल कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकं देण्याघेण्याचं काम आता जेमतेमच. प्रमोशनचा मोसम आला की डॉक्टर मंडळी टेबलाशी येतात आणि विचारतात, "मॅडम, माझा एच-इंडेक्स किती हो?" जसं काही रक्तातली साखरच विचारतायत. एच-इंडेक्स म्हणजे तुमचे पेपर किती वेळा संदर्भाला घेतले गेले त्याचं एक माप. तो मी गुगल स्कॉलरवर, म्हणजे शोधनिबंध शोधायच्या गुगलवर बघते. तिथे लेखकाला आपल्या पेपरांचं पान, म्हणजे प्रोफाइल, उघडता येतं. ही प्रोफाइलची सोय २०११ साली सगळ्यांसाठी खुली झाली. मी ती गेली बारा वर्षं वापरतेय, म्हणून हा अनुभव लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एक डॉक्टर मॅडम आल्या. तोंडाच्या कॅन्सरवर काम करतात. आडनाव असं, की एसटी स्टँडवर हाक मारली तर दहा जण वळून बघतील. प्रोफाइल उघडायला पाच मिनिटं लागली. स्कॉलरने 'हे तुमचे का?' म्हणून पेपरांचे गठ्ठे समोर टाकले आणि मॅडमनी घाईघाईत सगळ्यांवर टिचकी मारली. एच-इंडेक्स आला ३१! मॅडम खूश. मी यादी खाली सरकवत नेली, तर उसावरच्या तांबेऱ्याचे दोन पेपर, सिमेंटमध्ये राख मिसळण्याचे चार, आणि एक तर मॅडम बालवाडीत असतानाचा.

"असू दे की, कोण बघतंय," त्या हसत म्हणाल्या. मी बघते ना! आकड्याखाली सही माझी असते.

दोन दुपारी आम्ही त्यातच घालवल्या. एकेक पेपर उघडायचा, सहलेखक बघायचे, परका असला की काढायचा. आकडा ११ वर आला आणि मॅडमचा चेहरा पडला. मग मी विचारलं, लग्नाआधी काही छापलं होतंत का? होतं की! माहेरच्या नावावरचे सगळे पेपर बाहेरच राहिले होते. ते हाताने शोधून घातले, तेव्हा एच-इंडेक्स १४ झाला. हा आकडा खरा. बायकांनो, ही गोष्ट विसरू नका, कारण माहेरचं नाव स्कॉलर आपणहून विचारत नाही.

एच-इंडेक्स १४ म्हणजे चौदा पेपर असे, की त्यातला प्रत्येक निदान चौदा वेळा कुणीतरी संदर्भाला घेतलाय. हॉर्श नावाच्या, माफ करा, हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप सुचवलं. एकच पेपर गाजलेला असेल तर त्याने हा आकडा फुगत नाही, हे मला त्यात आवडतं. पण लेखक पहिला होता की अठरावा, याचा इथे पत्ता लागत नाही. स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भही वेगळे निघत नाहीत. एकाच पेपरच्या दोन नोंदी झाल्या तर जोडता येतात, ती सोय छान आहे. जोडल्यावर आकड्याशेजारी कधी चांदणी (*) दिसते, तिला घाबरू नका.

स्कोपस या शोधनिबंधांच्या दुसऱ्या सूचीत हाच आकडा जवळपास नेहमी कमी येतो. तिथे निवडक जर्नल्स, पुस्तकं आणि परिषदाच धरतात, आणि पूर्ण वापरायला कॉलेजला पैसे मोजावे लागतात. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीचे मसुदे), परिषदेतले लेख, सगळंच मोजतं. पबमेड ही वैद्यकीय पेपरांची सूची यादीला उत्तम, पण एच-इंडेक्स काढून देत नाही. म्हणून अर्जावर आकडा कुठला ते लिहा, नाहीतर समितीत वाद होतोच.

कॅन्सरवाल्यांच्या प्रोफाइलमध्ये आणखी एक खोच आहे. जगात दरवर्षी किती नवे रुग्ण, या वाक्याने अर्धेअधिक पेपर सुरू होतात आणि तिथे ग्लोबोकॅनच्या, म्हणजे जगभरातल्या कॅन्सरच्या अंदाजांच्या, आकडेवारीचा संदर्भ ठोकलेला असतो. तिच्या लेखकांना सायटेशन, म्हणजे संदर्भ, धो-धो मिळतात. हानाहान आणि वाइनबर्ग यांचा 'सेल' या जर्नलमधला २००० सालचा 'हॉलमार्क्स ऑफ कॅन्सर' आणि त्याचा २०११ चा पुढचा भागही असेच. दोन्ही आढावे आहेत, त्यात नवा प्रयोग नाही.

उलट २००९ चा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्याचा पेपर काढा. पहिलं नाव शंकरनारायणन आर., दुसरं बार्शीचे नेने बी. एम. गावोगावच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन केलेली चाचणी ती. एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणी देऊ केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू, नेहमीच्या सोयींवर राहिलेल्या गटाच्या जवळपास निम्मे झाले. त्या पेपरलाही सायटेशन भरपूर आहेत, पण पेपर तयार व्हायला किती वर्षं गावं पालथी घालावी लागली, याचा रकाना प्रोफाइलमध्ये नाही. आमच्या समितीच्या फॉर्ममध्येही नाही म्हणा.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा नावांच्या घोळाचा कापला, आणि अर्धा यासाठी की अडलं तर फोन करून विचारावं असं तिथे कुणी नाही. प्रोफाइल काढलीत तर नवे पेपर आपोआप जोडण्याची सोय आधी बंद करा आणि 'ईमेलने विचारा' निवडा. मॅडमच्या खात्याला मी तेच करून दिलंय. परवा त्यांनी मला असाच एक ईमेल पुढे पाठवला. हा पेपर तुमचा का, म्हणून स्कॉलरने विचारलं होतं. वांग्यावरच्या शेंडेअळीचा होता.