६० पानी पासपोर्ट: ५०० रुपये जास्त मोजावेत का?

पासपोर्टच्या ऑनलाइन अर्जात सुरुवातीलाच पुस्तिका ३६ पानांची हवी की ६० पानांची, असा प्रश्न येतो. बहुतेक जण तिथे न थांबता पुढे जातात. ३६ पानी पुस्तिकेचे शुल्क १५०० रुपये, ६० पानीचे २०००. तत्काळमध्ये हेच आकडे ३५०० आणि ४००० होतात. मुदत दोन्हींची सारखीच, १० वर्षे. म्हणजे ५०० रुपयांत २४ पाने जादा मिळतात, बाकी काहीही बदलत नाही. मधेच पाने जोडून देण्याची सोय नाही, त्यामुळे हा निर्णय एकदाच करायचा असतो.

थोडक्यात मत असे: व्हिसाचे स्टिकर लागणाऱ्या देशांत वर्षातून दोनदा किंवा जास्त जाणाऱ्याने ६० पानीच घ्यावा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले फाउंड्रीवाले, माल घेऊन जर्मनी-चीनच्या प्रदर्शनांना जाणारे, हे सरळ या गटात येतात. आखातात नोकरीला असणाऱ्यांना मात्र ३६ पाने सहसा पुरतात. अमिरातीचा व्हिसा ऑनलाइन निघतो आणि सौदीनेही २०२३ पासून भारतीयांच्या पासपोर्टवर स्टिकर लावणे थांबवून क्यूआर कोडचा कागद द्यायला सुरुवात केली. तिथे पाने जातात ती फक्त शिक्क्यांत. १८ वर्षांखालच्या मुलांच्या पाच वर्षे मुदतीच्या पासपोर्टला तर ३६ पानेच असतात, शुल्क १००० रुपये.

आता पानांचा हिशेब. ३६ पाने म्हणजे कागदाच्या ३६ बाजू, त्याही सगळ्या व्हिसाच्या नाहीत. फोटो-माहितीचे पान, शेऱ्याचे पान, शेवटचे आईवडिलांची नावे आणि पत्ता असलेले पान वजा करा. हाती तिसाच्या आसपास उरतात. स्टिकर एक अख्खे पान खातो. प्रत्येक फेरीला भारतातून जाताना आणि परतताना दोन शिक्के, तिकडचे आणखी दोन. शिक्का मारणाऱ्याने कोऱ्या पानाच्या मधोमध मारला तर तेही गेले. स्टिकरची एक फेरी दीड-दोन पाने घेते असे धरून चालावे. काउंटरवर पासपोर्ट देताना अर्धे भरलेले पान उघडून द्यावे आणि याच पानावर शिक्का मारा, अशी विनंती करावी. पुष्कळदा ऐकतात.

शेंगेनला, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाला, निदान दोन कोरी पाने लागतात, चीनलाही दोन. कोरे म्हणजे खरोखर कोरे. कोपऱ्यात अर्धवट उमटलेला जुना शिक्का असला तरी ते पान मोजू नये. रद्द झालेला व्हिसाही पान अडवतोच. काही देश दोन्ही बाजूंनी कोरा असलेला कागद मागतात, तेव्हा समोरासमोरची दोन पाने दाखवून भागत नाही. शिवाय शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने चालू असला पाहिजे. इतर बऱ्याच देशांची अट सहा महिन्यांची आहे.

शेंगेनची एक बाब ६० पानीच्या विरोधातही जाते. एप्रिल २०२४ पासून भारतीयांना आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, आणि त्यापुढे पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर शिक्क्याऐवजी संगणकावर नोंदही सुरू झाली. म्हणजे फक्त युरोपला जाणाऱ्याची पाने आता हळू संपतील. पण लांबचा व्हिसा पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असेल तरच मिळतो. तेव्हा दोनच वर्षे उरलेल्या पासपोर्टवर पाच वर्षांची अपेक्षा धरू नये.

पाने मुदतीआधी संपली तर पुनर्जारीचा (री-इश्यू, म्हणजे जुन्याच्या जागी नवी पुस्तिका काढण्याचा) अर्ज करायचा आणि कारण म्हणून ‘पाने संपली’ हाच पर्याय निवडायचा. मूळ पासपोर्ट, पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या स्वसाक्षांकित झेरॉक्स, शेऱ्याचे पान असल्यास त्याचीही, एवढे सोबत हवे. बेळगावच्या हेड पोस्टातल्या केंद्रात तारीख लांबची दिसत असेल तर हुबळी बघा, निपाणी-चिकोडीकरांनी कोल्हापूर बघा. २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो. पोलिस पडताळणी लागली तर ती अर्जातल्या पत्त्याच्या ठाण्यातच येते, कोल्हापुरात अर्ज केला तरी निपाणीच्याच. अपॉइंटमेंट बदलायला वर्षात तीनच संधी असतात, म्हणून कागद तयार झाल्यावरच तारीख घ्यावी.

आपल्या भागात अर्ज खरा अडतो तो नावाच्या स्पेलिंगवर. मराठी शाळेच्या दाखल्यावरून इंग्रजीत गेलेल्या ‘ज्योती’च्या शेवटी ‘टी-आय’ असते, आधारवर कन्नड वळणाने ‘टी-एच-आय’ होते. गीता, श्वेता, सविता सगळ्यांचे तेच. एका अक्षराच्या फरकाने अर्ज थांबतो. अपॉइंटमेंट घेण्याआधी आधार, एसएसएलसीची गुणपत्रिका आणि जुना पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा आणि आधारच आधी दुरुस्त करून घ्या. गुणपत्रिका न्यायचीच, कारण दहावी पास असल्याचा पुरावा दिला की परदेशी नोकरीसाठीच्या इमिग्रेशन तपासणीतून सूट मिळते.

जन्मस्थळाचेही तसेच. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झाले, पण अनेकांच्या पासपोर्टवर अजून ‘बेलगाम’ आहे. व्हिसाचा अर्ज भरताना पासपोर्टवर जे छापले आहे तेच अक्षरशः उतरवायचे, नकाशा काय म्हणतो ते नाही. आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांनी पुनर्जारीतच तो भरून घ्यावा. अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना अडवायला सुरुवात केली. पुढे शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल, असा खुलासा झाला.

नव्या पुस्तिकेचा नंबर नवा असतो, आणि इथेच लोक फसतात. जुन्या पासपोर्टवरचा चालू अमेरिकन व्हिसा बाद होत नाही, दोन्ही पुस्तिका एकत्र न्यायच्या. काउंटरवर जुना पासपोर्ट रद्द करताना तो व्हिसा आधी दाखवा, म्हणजे ते पान कापले जाणार नाही. पण ऑनलाइन व्हिसा पासपोर्टच्या नंबरला जोडलेला असतो. ऑस्ट्रेलियासारख्या देशाला नवा नंबर कळवल्याशिवाय विमानतळावर चेक-इनच होत नाही. तिकीट काढून झाल्यावर पुनर्जारीला टाकणे म्हणूनच घातक.

६० पानी पुस्तिका जाड असते, खिशात वाकते. नव्या ई-पासपोर्टमध्ये चिपही आहे. झेरॉक्सच्या दुकानात किंवा एजंटकडे पासपोर्टला स्टेपलर मारू देऊ नका, कव्हरवर दुकानाचे स्टिकर लावू देऊ नका, पान फाटले तर चिकटपट्टी लावू नका. खराब झालेल्या पुस्तिकेच्या जागी नवी काढायला ३६ पानांना ३००० आणि ६० पानांना ३५०० रुपये लागतात.