स्किलक्राफ्टचं काळं बॉलपेन: उपकार म्हणून नको, पेन म्हणून घ्या

मी अमेरिकेत पोस्टाच्या काउंटरवर काम करते. दिवसभर हातात पेन असतं, नाहीतर गिऱ्हाइकाने मागून नेलेलं असतं. त्यामुळे पेनांबद्दल माझी मतं पक्की आहेत, आणि स्किलक्राफ्टच्या खटक्याच्या काळ्या बॉलपेनाला माझे पैकीच्या पैकी गुण.

पेन दिसायला साधं, अंगाने सडपातळ. नळीवर ‘स्किलक्राफ्ट यू.एस. गव्हर्नमेंट’ असं छापलेलं. खटका दाबला की टक् आवाज होतो आणि टोक जागेवर घट्ट बसतं. सर्टिफाइड मेलच्या हिरव्या पावतीवर असो की खडबडीत खोक्यावर, पहिल्या फटक्यात उमटतं. आधी कोपऱ्यात रेघोट्या मारत बसावं लागत नाही. सरकारच्या खरेदीच्या अटीच तशा कडक आहेत: शाई सलग मैलभर चालली पाहिजे, आणि पेन उणे ४० पासून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत लिहितं राहिलं पाहिजे.

ते बनवतात अंध कामगार. नॉर्थ कॅरोलायनातलं ग्रीन्सबरो आणि विस्कॉन्सिनमधलं मिलवॉकी इथल्या ना-नफा संस्थांमध्ये हे काम चालतं. यामागे आहे २५ जून १९३८ रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केलेला वॅग्नर-ओ’डे कायदा. सरकारी खात्यांनी अंधांनी बनवलेल्या वस्तू विकत घ्याव्यात, असा तो कायदा. सुरुवात झाडू आणि फरशी पुसायच्या मॉपपासून झाली. ऑर्डरी वाटून द्यायला त्याच वर्षी ‘नॅशनल इंडस्ट्रीज फॉर द ब्लाइंड’ उभी राहिली, १९५२ मध्ये स्किलक्राफ्ट हे नाव आलं. १९७१ मध्ये सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांच्या पुढाकाराने इतर तीव्र अपंगत्व असलेल्यांनाही यात घेतलं गेलं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती नेमाने येणारी ऑर्डर. दिवाळीपुरती चार तोरणं विकत घेऊन कुणाचा बारा महिन्यांचा संसार चालत नाही. इथे खरेदीदार सरकार आहे आणि त्याला पेनं रोजच लागतात.

पण एक गोष्ट मला आजही खुपते. वॅग्नर-ओ’डेवर सही केली त्याच दिवशी, त्याच हाताने रूझवेल्ट यांनी किमान वेतनाच्या कायद्यावरही सही केली, आणि त्यातच अपंगांना किमान वेतनापेक्षा कमी पगार देण्याची मुभा होती. म्हणजे काम मिळेल, पण पुरा पगार मिळेलच असं नाही! खुद्द अंधांनी चालवलेली ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ ही संघटना याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडली. या सरकारी कंत्राटांवर कमी पगार देण्याला बंदी यायला २०२२ साल उजाडलं. ही लढाई कामगारांनी स्वतः रेटली, म्हणून ‘बिचाऱ्यांना मदत’ या भावनेने हे पेन घेणाऱ्यांचा मला राग येतो. चांगलं लिहितं म्हणून घ्या.

अक्षर बारीक असेल तर मध्यम टोकाचं नको, फाइन मागवा. डझनाच्या डब्यात येतं. रिफिल वेगळी मिळते, तेव्हा शाई संपली म्हणून पेन फेकू नका.