आईच्या बेडसोरवर वापरलेली ड्रेसिंग्ज: गॉज, अल्जिनेट, हायड्रोकोलॉइड आणि फोम

पॅरालिसिसच्या अटॅकनंतर आई अंथरुणालाच आहे. हॉस्पिटलमधून घरी आणली तेव्हाच माकडहाडावर बेडसोर (पडून राहून एकाच जागी दाब आल्याने होणारी जखम) होता, तिसऱ्या स्टेजचा, म्हणजे कातडी जाऊन आतली चरबी दिसत होती पण हाड नाही. तेव्हापासून ड्रेसिंग घरीच करतोय, सिस्टर मधून मधून येऊन बघून जातात. मेडिकलमध्ये विचारलं की सगळ्यात महाग तेच पुढे करतात म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवातीला सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज. स्वस्त, कुठेही मिळतं, पण ते वाळून जखमेला चिकटतं आणि काढताना नवीन आलेलं लाल मांसपण सोबत निघतं, आई कण्हायची ते ऐकवायचं नाही, आणि परत दिवसातून दोनदा तेच. घरी येणारा प्रत्येक जण सांगतो जखम उघडी ठेवा, सुकू दे. पण जॉर्ज विंटर या संशोधकाने 1962 मध्येच डुकरांवर प्रयोग करून दाखवलंय की झाकलेल्या, ओलसर जखमेवर कातडी लवकर धरते. बेटाडीनही रोज आत ओतू नका असं सिस्टर म्हणाल्या, जंतूंबरोबर नव्या पेशींनाही त्याचा त्रास होतो.

जखमेतून पाणी खूप यायचं तेव्हा अल्जिनेट कामी आलं. समुद्री शेवाळापासून बनवतात, पाणी शोषून त्याचं जेल होतं. खड्ड्यात सैल ठेवायचं, कोंबायचं नाही, आणि वरून दुसरं ड्रेसिंग लागतंच. पाणी कमी झालं की थांबवा, कोरड्या जखमेवर तेही चिकटून बसतं.

हायड्रोकोलॉइड म्हणजे जखमेतलं पाणी शोषून आतून जेल होणारी चिकट पट्टी, आठवडाभर टिकते म्हणतात. तिच्याबद्दल माझं मत जागेप्रमाणे बदलतं. कमरेच्या बाजूला एक उथळ जखम होती तिथे छान टिकलं, पण माकडहाडावर डायपर घासून कडा गुंडाळल्या जायच्या आणि शी आत जायची, मग कसलं आठवडाभर टिकतंय! काढल्यावर पिवळट, वास येणारं जेल दिसतं, त्याला पू समजून घाबरू नका, आधी सलाईनने धुवा आणि मग जखम बघा. इन्फेक्शन असेल तर मात्र हे लावूच नका.

आता आहे ते सिलिकॉन बॉर्डरवालं फोम, म्हणजे कडेला सिलिकॉनची चिकट पट्टी असलेलं स्पंजसारखं मऊ ड्रेसिंग, आणि माझ्यासाठी हेच सगळ्यात चांगलं. काढताना दुखत नाही, कातडी सोलत नाही, एक कोपरा उचलून आत बघून परत चिकटवता येतं. महाग आहे, पण तीन-चार दिवस टिकतं, आणि गॉज, टेप, रोजची दोन ड्रेसिंग्ज असा हिशोब घातला तर फरक बराच कमी होतो. डाग कडेपर्यंत आला किंवा शी लागली की मात्र लगेच बदला, पैसे वाचवायला ठेवू नका. चांदीवालं ड्रेसिंग डॉक्टरांनी इन्फेक्शनच्या वेळी थोडे दिवस दिलं होतं, नंतर बंद केलं, ते कायम लावायचं नसतं.

एक नक्की सांगते. 2017 च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये (आधी झालेले अभ्यास एकत्र करून तपासणारा अहवाल) सगळी ड्रेसिंग्ज एकत्र तपासली तरी भरण्यासाठी अमुकच सरस असं ठरवता आलं नाही. आमच्याकडे खरी जखम भरायला लागली ती दर दोन तासांनी कूस बदलणं नीट बसल्यावर, रात्रीसुद्धा, पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं, पूर्ण कुशीवर नाही. एअर बेड आहे तरी हे चुकवत नाही. अंडी, डाळ, पनीर पण वाढवलं. जखमेखाली ठेवायला रबरी रिंग कुणी दिली तर घेऊ नका, कडेवर दाब येऊन रक्तपुरवठा आणखी कमी होतो.

टाचेवर कोरडी, घट्ट काळी खपली असेल आणि आजूबाजूला लाली, सूज, पाणी काही नसेल तर ती खरवडू नका, पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी ठेवा. खपली मऊ पडली, वास यायला लागला किंवा ताप आला तर घरी ड्रेसिंग बदलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.