‘उणे १०’ची स्लीपिंग बॅग घेताना मी कशी फसले

एकटीनं पाच दिवस डोंगरात काढायचे होते. वाटेत वस्ती नाही, फोनला रेंज नाही. म्हणून तयारीत सगळ्यात जास्त वेळ मी स्लीपिंग बॅगेवर घालवला. सोबत कोणी असलं तर एखादी वाईट रात्र निभावते. एकटीला त्या बॅगेशिवाय दुसरा आधार नसतो.

एकदाच वापरलेली, बदकाच्या डाऊनची (म्हणजे पिसांखालच्या मऊ लवीची), ८०० फिल पॉवरची (डाऊन किती फुलतो त्याचं माप), ‘उणे १० अंशांपर्यंत आरामात’ अशी एक बॅग ऑनलाइन विकायला होती. विकणाऱ्यानं किती उंचीवर जाणार ते आपुलकीनं विचारलं, जमिनीची थंडी खालून येते म्हणून मॅट जाड घ्या, असंही सांगितलं. सल्ला अगदी बरोबर होता, त्यामुळेच माझा विश्वास बसला. मग घाई सुरू झाली. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, ॲपमधून नको, थेट पाठवा, थोडे कमी करतो. मी पैसे पाठवले.

निघायच्या आठवडाभर आधी एक रात्र उघड्यावर झोपून पाहिलं. पारा ४ अंशांवर होता, तरी दोन वाजता पाय बधिर झाले आणि पुढे झोप लागली नाही.

सकाळी उजेडात बॅग नीट पाहिली. सगळी शिवण काळ्या दोऱ्याची, लेबलची तेवढी करड्या, आणि शेजारी जुन्या टाक्यांची भोकं. लेबल दुसऱ्याच बॅगेचं होतं. कोपरा उसवला. डाऊनला दांडी नसते. तो रुईच्या म्हातारीसारखा हलका गोळा असतो, चिमटीत दाबून सोडला की पुन्हा फुलतो. माझ्या चिमटीत आले चिरलेल्या पिसांचे टोचरे तुकडे आणि चकचकीत तंतू. तंतूंना काडी लावली तर ते वितळून कडक मणी झाला. पीस जळालं तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. हे पॉलिएस्टर होतं.

आकड्याचीही गोम होती. स्लीपिंग बॅगांच्या आयएसओ २३५३७ या मानकानुसार तापमानाचे कम्फर्ट (आरामात झोप लागेल असं), लिमिट (अंग आखडून कशीबशी झोप लागेल असं) आणि एक्स्ट्रीम असे वेगवेगळे आकडे देतात. एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास जीव कसाबसा तगेल असं तापमान, झोप लागेल असं नव्हे. बाईमाणसानं तर कम्फर्टचाच आकडा धरावा, कारण तो बायकांच्या शरीराच्या हिशेबानं काढलेला असतो. माझ्या लेबलवर उणे १० होतं ते एक्स्ट्रीमपुढे. विकणाऱ्यानं पाठवलेल्या फोटोत नेमकं त्या शब्दावर त्याचं बोट होतं. मी लेबलचा पूर्ण फोटो मागितलाच नाही.

त्यानं मला ब्लॉक केलं. व्यवहार ॲपबाहेर झाल्यामुळे ॲपवाल्यांनीही हात वर केले. प्रवास मी पुढे ढकलला.

काल तीच जाहिरात दुसऱ्या नावानं पुन्हा दिसली. फोटो तोच, लेबलवरचं बोटही तेच. कृपा करून त्याला पैसे पाठवू नका.