घडीची व्हीलचेअर आणि मांडवीतली बेटं: चवथ ते शिगमो वापरून

गेल्या चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, ही खुर्ची घरात आली आणि आता शिगमो, म्हणजे आमचा शिमगाही, होऊन गेला. मधल्या काळात ती फोंड्याच्या बाजारात, लग्नांच्या हॉलमध्ये, म्हार्दोळच्या देवळाच्या आवारात आणि मुख्य म्हणजे दिवाडी-चोडण या बेटांवर फिरून आली. विकत घेणारे बहुतेक लोक खोका उघडल्या दिवशीच पाच तारे देऊन मोकळे होतात. खुर्चीला चिखल, मीठ आणि चढ लागल्याशिवाय तिचा स्वभाव कळत नाही, म्हणून लिहायला इतके दिवस थांबले.

माझा अनुभव तुमच्या कामाचा आहे का, ते आधी बघा. मला लहानपणी पोलिओ झाला. बरीच वर्षं पायाला बांधायचे कॅलिपर आणि कुबड्यांवर काढली, मग खांदे कुरकुरायला लागले. हातांत जोर आहे, पलंगावरून खुर्चीत माझी मी सरकते आणि पायांना संवेदना आहे. मणक्याची दुखापत असलेल्यांनी बसायच्या गादीबद्दल माझं काही ऐकू नये, त्यांना जखमेची भीती असते, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

खुर्ची अ‍ॅल्युमिनियमची आहे. मधून घडी होते, मागची 24 इंची चाकं बटण दाबून निघतात, पुढे छोटी चाकं. जुनी लोखंडी खुर्ची गाडीच्या डिकीत घालायला दोघं लागायची. ही आमचे हे एका हाताने उचलून ठेवतात आणि वर कंबर धरल्याचं नाटकही करत नाहीत. सोबत पाच फुटी घडीचा रॅम्प वेगळा घेतला. नियमाचा उतार 1:12, म्हणजे पाच फुटी रॅम्प पाच इंचांच्या पायरीपुरता. मागे दणकट माणूस असेल तर सात इंचांपर्यंत चालून जातं, त्यापुढे माझी तरी हिंमत नाही.

आता बेटांचं. माझ्या बहिणीला 'बेटावरची सुट्टी' हवी होती, आणि बेट म्हटलं की तिला विमान आठवतं. खरं तर फोंड्याहून निघून बाणस्तारीचा पूल ओलांडला की आपण बेटावरच असतो. अख्खी तिसवाडी, पणजीसकट, मांडवी, झुआरी आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात वेढलेली आहे. पण पुलावरून गेलं की बेट वाटत नाही हे तिचं म्हणणं मला पटलं. मग उरली फेरीबोट.

खुर्चीवाल्या माणसासाठी गोव्यातलं सगळ्यात सोयीचं वाहन कुठलं असं मला विचाराल तर मी फेरीबोट सांगेन. ती आपल्यासाठी बांधलेली नाही, गाड्यांसाठी बांधली आहे, आणि त्यातच आपलं भलं झालं. पायरी नाही, उंबरठा नाही, अरुंद दार नाही. पुढची लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर पडते आणि सपाट डेक सुरू. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, खुर्चीलाही नाही. जुन्या गोव्याहून आणि रायबंदरहून दिवाडीला, रायबंदरहून चोडणला, पलीकडे नार्व्याहून दिवाडीला. जुलै 2025 पासून रायबंदर-चोडण मार्गावर गंगोत्री आणि द्वारका या दोन रो-रो (गाड्या थेट चढून-उतरून जाणाऱ्या) बोटीही आल्यात.

अडचण एकाच जागी आहे. धक्का पाण्याकडे उतरतो आणि फळी बोटीकडे चढते. दोन्ही जिथे भेटतात तिथे खोलगट सांधा होतो, फळीचं तोंड दोन-तीन इंच वर असतं. समोरून गेलात की पुढची छोटी चाकं त्यात अडकतात आणि माणूस तोंडावर. पहिल्याच खेपेला रायबंदरला एका खलाशाने लांबूनच ओरडून सांगितलं, "उरफाटी घे गो बाय, उरफाटी!" तीच खरी रीत. माझी पाठ बोटीकडे, मागे धरणारा माणूस माझ्या खाली. उतार असाच उतरायचा, सांध्यावर आधी मोठी चाकं चढवायची आणि तसंच डेकवर ओढून घ्यायचं. उतरतानाही उलटंच. फूटरेस्ट एक इंच वर घेऊन ठेवा, नाहीतर सांध्यात खरवडतात. माझ्या डाव्या फूटरेस्टची कड त्यानेच घासली आहे.

खलाशांना आधी सांगितलं तर ते स्कूटरवाल्यांना थांबवून आपल्याला पुढे घेतात. हे सांगायला लाजू नका. पलीकडे जाऊन राज्याभिषेक असल्यासारखी स्कूटरवाल्यांना घाई असते आणि फळी पडायच्या आधीच सगळ्यांची इंजिनं गुरगुरायला लागतात.

दुसरी गोष्ट भरतीची, आणि सुट्टी ठरवताना मला वाटतं हीच सगळ्यात मोठी. मांडवीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि उधाणाच्या दिवसांत फरक दोन मीटरच्या घरात जातो. पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, असेल तर उतार लांबतो आणि खालच्या टप्प्यावर शेवाळ असतं. माझी चाकं एकवेळ धरतील, पण मागे धरणाऱ्याची चप्पल धरत नाही. आमच्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ काढतात ती तिथीच्या पाऊणपटीने. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पुनवेची सव्वाअकरा. नदीत आत शिरल्यावर थोडा उशीर धरायचा. मोबाइलवर तक्ता मिळतोच, पण हिशेब डोक्यात असला की तारीख निवडता येते.

पुनवेला गेलात तर जाताना मजा, कारण अकरा-बाराला पाणी वर. पण संध्याकाळी पाच-साडेपाचला परत यायला निघालात की नेमकी पूर्ण सुकती, त्यात उधाण. म्हणून मी अष्टमी-नवमीच्या आसपासचा दिवस धरते. सकाळी सात-आठला गेलं तरी पाणी बऱ्यापैकी वर, संध्याकाळी परतताना पुन्हा वर, आणि दुपारच्या सुकतीच्या वेळी आपण बेटावर जेवत असतो. त्यात ते भांगाचे दिवस, पाण्याचा चढउतारच कमी. बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पंचांग बघून पिकनिक करणारी तू पहिलीच." पण तिने तिकीट त्याच तारखेचं काढलं.

ब्रेकबद्दल एक सांगायलाच हवं. या खुर्चीचे हाताने ओढायचे ब्रेक टायरवर दाबून बसतात. टायरमध्ये हवा कमी झाली की ब्रेक लागल्याचा आवाज येतो, पण चाक फिरतच राहतं. घरात हे लक्षात येत नाही. बोट हलते तेव्हा येतं. फेरीचा दिवस असला की आदल्या रात्री सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि डेकवर मागच्या चाकाला लाकडाचा गुटका लावायचा. हवा नको म्हणून भरीव टायर घेणारे आहेत, ब्रेक त्यांचे कायम घट्ट, पण चिऱ्याच्या रस्त्यावर दात वाजतात. मी हवेचेच ठेवले. ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते, हा मोठा आधार.

दिवाडीला जुन्या गोव्याच्या बाजूने उतरलं की पियेदाद गावापर्यंतचा रस्ता सुरुवातीला शेतांमधून जातो, सपाट आणि डांबरी. तिथे मी स्वतः चाकं मारत गेले, भाचा मागे नुसता फोटो काढत. सकाळच्या उन्हात शेतात बगळे, डोंगरावर पांढरं चर्च, गाडी क्वचितच. पुढे चढ लागतो तिथे गाडीत बसायचं. बोंदेराच्या, म्हणजे दिवाडीच्या झेंड्यांच्या उत्सवाच्या दिवशी, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, मात्र मी खुर्ची घेऊन जाणार नाही. गर्दीत चाकांखाली लोकांची बोटं येतात आणि शिव्या आपल्याला पडतात.

चोडणला सालिम अली पक्षी अभयारण्य धक्क्याला लागूनच आहे. निरीक्षण मनोरा पायऱ्यांचा, तो आपल्यासाठी नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण खाजनाच्या, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीच्या, कडेच्या रस्त्यावरूनच खंड्या आणि बगळे पोटभर दिसले. जुवे म्हणजे सांत इस्तेवला पूल आहे, फेरीची धास्ती वाटणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. संभाजी महाराजांनी 1683 मध्ये घेतलेला किल्ला तिथलाच. त्याच्या पायऱ्या मी खालूनच बघितल्या. ग्रँड आयलंडच्या सहलीच्या फंदात पडू नका. होडीत चढायलाच कसरत, खुर्ची काठावर ठेवून कोणीतरी उचलून नेणार. ज्यांना उचलून घ्यायला हरकत नाही त्यांनी जावं. मला आहे.

राहायच्या जागेचं गाडं मात्र इंचांवर अडतं. जुन्या गोंयकार घरांना बाल्कांव (पुढचा बसायचा ओटा) असतो आणि बाल्कांवाला तीन-चार पायऱ्या ठरलेल्या. एका होमस्टेने फोनवर "हो हो, व्हीलचेअर चालते" असं छातीठोक सांगितलं. भाच्याला आधी बघायला पाठवलं तर बाथरूमचं दार दोन फुटी. माझी सीट 16 इंची, पण बाहेरून बाहेर माप 25 इंच. त्यांची 'व्हीलचेअर चालते' म्हणजे हॉलपर्यंत चालते. तेव्हापासून मी फोनवर "सोय आहे का" असं विचारतच नाही. दारांची रुंदी टेप लावून सांगा, पायऱ्या किती आणि प्रत्येकीची उंची किती, कमोडच्या बाजूला मोकळी जागा कुठल्या हाताला, आणि त्या सगळ्याचा टेप धरून फोटो पाठवा. जो फोटो पाठवतो त्याच्याकडे जायचं. शेवटी तळमजल्यावरची, दोन पायऱ्यांची जागा मिळाली. एकेक पायरी पाच इंचांची, मध्ये रुंद टप्पा, म्हणून रॅम्प दोनदा लावून काम झालं. बाथरूमच्या दारात खुर्चीची मागची चाकं काढून सरकता येतं असं जाहिरातीत दाखवतात. त्यासाठी खाली वेगळी छोटी चाकं लागतात आणि ती या खुर्चीबरोबर येत नाहीत. हे खरेदीच्या आधी विचारा.

बॅटरीवाली खुर्ची घेऊन विमानाने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. काढता येणारी लिथियम बॅटरी 300 वॉट-तासांपर्यंत चालते, ती काढून केबिनमध्ये न्यायची असते. 24 व्होल्ट गुणिले 12 अँपिअर-तास म्हणजे 288, बसली. 20 अँपिअर-तासांची असेल तर अडकलात. विमान कंपनीला 48 तास आधी कळवायचं. आणि दाबोळी की मोपा ते तिकिटावर नीट वाचा, बेटांसाठी दोन्हींकडून गाडी लागतेच, पण एक दक्षिणेला आहे आणि एक पेडण्याला.

तक्रारी. सीटचं कापड काळं, शिगम्याच्या उन्हात ते आणि चाकाची कडी दोन्ही तव्यासारखी तापतात. हातमोजे आणि पांढरा टॉवेल हवाच. घडीच्या मधल्या स्क्रूंना खाऱ्या हवेने गंज धरला. फ्रेमला काही नाही. कंपनीला कळवलं तर "समुद्राजवळ वापरू नये" असं उत्तर आलं. गोव्यात राहणाऱ्या बाईने खुर्ची मग वापरायची कुठे? आमच्या ह्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनलेसचे स्क्रू आणून बसवले, विषय संपला. फेरीहून आलं की गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने खुर्ची पुसायची. पाइपने धुवायची नाही, पाणी बेअरिंगमध्ये जातं.

पुढच्या चाकांची बेअरिंगं वाळूने करकरायला लागली आहेत. ती 608 नंबरची, स्केटच्या चाकात असतात तीच. सुटे भाग म्हणून कंपनीकडून मागवू नका, बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात नंबर सांगितला की मिळतात, चारही एकदम बदला.