पेसर की स्प्रिंटर?

१९५०च्या दशकातल्या डिझेल रेल्वेगाड्या १९८०च्या सुमारास थकल्या, तेव्हा पैशांची चणचण असलेल्या ब्रिटिश रेलने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सरकारी रेल्वेने, दोन वाटा धरल्या.

पेसर ही स्वस्तातली. लेलँड नॅशनल बसचे भाग वापरून डबा बांधायचा आणि तो मालडब्यासारख्या चारचाकी सांगाड्यावर बसवायचा. बोग्या (म्हणजे डबे नव्हेत, तर डब्याखालच्या वळणाबरोबर फिरणाऱ्या चाकांच्या चौकटी) नाहीत, त्यामुळे तीव्र वळणावर चाकं किंचाळायची आणि जुन्या रुळांवर डबा नुसता हिंदकळायचा. कॉर्नवॉलच्या नागमोडी शाखामार्गांवर तर चाकं इतकी झिजू लागली, की तिथल्या क्लास १४२ प्रकारच्या पेसर गाड्या तिथून उत्तरेकडे हलवाव्या लागल्या.

यॉर्कला बांधलेली क्लास १५० स्प्रिंटर मात्र पुरती रेल्वेगाडी: सुमारे २० मीटरचा डबा, दोन्ही टोकांना बोगी, प्रत्येक डब्याखाली २८५ अश्वशक्तीचं कमिन्स इंजिन. अर्थात, आरामात तीही काही राजेशाही नव्हे! कमाल वेग दोघींचा सारखाच, ताशी ७५ मैल.

तरी पेसरला नुसती नावं ठेवणं मला पटत नाही. तुरळक प्रवाशांच्या मार्गांवर महागडी गाडी कुणी दिली असती? पण काम भागवायला आणलेली ही गाडी थेट २०२१पर्यंत राबवली, हा दोष तिचा नव्हे. लांबच्या प्रवासाला मी डोळे मिटून स्प्रिंटरच निवडेन.