पुढचं सस्पेन्शन बदलायचंय: कॅम्बर प्लेट, स्प्रिंग-शॉकची जोडी की कॉइलओव्हर?

हौशी रेसिंगचा पहिला सीझन संपेपर्यंत दोन गोष्टी हमखास झालेल्या असतात. पुढच्या टायरची बाहेरची कड घासून गुळगुळीत झालेली असते, आणि गाडीवाल्याच्या फोनमध्ये कॉइलओव्हरचे वीस-पंचवीस फोटो साठलेले असतात. टायरचं म्हणणं एवढंच असतं की वळणात मला रस्त्यावर सपाट बसू द्या. गाडीवाल्याला मात्र ऐकू येतं, ‘गाडी खाली बसव.’

घरी, जॅक-स्टँडवर, सुट्टीच्या दोन दिवसांत होण्यासारखे मुख्य पर्याय तीन. नुसत्या कॅम्बर प्लेट (कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक उभ्या रेषेपासून किती कललंय ते), जुळणारी स्प्रिंग-शॉकची जोडी, किंवा पूर्ण कॉइलओव्हर (शॉकभोवतीच स्प्रिंग, उंची बदलता येणारी). माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी पहिल्याने सुरुवात करावी, दुसऱ्यावर बराच काळ थांबावं, आणि तिसऱ्याकडे चाकांखाली ठेवायचे वजनकाटे वापरायची तयारी असेल तरच वळावं. का, ते पुढे येईलच.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे चाकाला धरणारा शॉक-स्प्रिंगचा एकच खांब, आहे असं धरून लिहितोय, कारण हौशी रेसिंगला येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना तोच असतो. अर्ल मॅकफर्सनची ही रचना १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ड कॉन्सलमधून गाजली आणि मग जगभर पसरली. भाग कमी, जागा कमी, वजन कमी. किंमत मोजावी लागते ती कॅम्बरमध्ये. गाडी वळणात तीन अंश कलली तर बाहेरचं चाकही जवळजवळ तेवढंच बाहेर कलतं, कारण दाबला गेलेला स्ट्रट त्यातला फार थोडा भाग परत मिळवून देतो. कारखान्यातून आलेल्या गाडीला पुढे जेमतेम शून्य ते एक अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत कललेला) असतो. ट्रॅकच्या टायरला स्ट्रटच्या गाडीवर साधारण अडीच ते साडेतीन अंश लागतो. ही तफावत कितीही भारी शॉक लावला तरी आपोआप भरून निघत नाही.

म्हणून काही विकत घेण्याआधी टायर मोजा. सुई टोचायचा थर्मामीटर घ्या आणि गाडी ट्रॅकवरून आत आल्या आल्या रबराचं तापमान आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्यात बघा. बाहेरची बाजू आतल्यापेक्षा गरम असेल तर कॅम्बर कमी पडतोय. मधलाच पट्टा गरम असेल तर हवा जास्त झालीय, त्याला सस्पेन्शन जबाबदार नाही. आणि आपल्या वर्गाची नियमावली वाचा. कित्येक वर्गांत शॉक बदलायला मुभा असते पण स्प्रिंगला नसते, आणि एका कॅम्बर प्लेटपायी गाडी वरच्या वर्गात ढकलली जाऊ शकते. तिथे समोर कोण असतं हे वेगळं सांगायला नको.

कॅम्बर प्लेट, आणि तिचा गरीब भाऊ

गरीब भाऊ म्हणजे कॅम्बर बोल्ट. स्ट्रट जिथे नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी धरलेला असतो, तिथला एक बोल्ट काढून एक्सेंट्रिक, म्हणजे मध्याबाहेर फिरणारा, बोल्ट घालायचा. एक ते दीड अंश मिळतो आणि कामाला तासभरही लागत नाही. पण तो मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो आणि सगळा भार घर्षणावर टाकतो. ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चाक आपटलं की सरकण्याची शक्यता असते. लावलाच तर डोक्यावर रंगाची रेघ मारून ठेवा आणि दर सेशननंतर ती बघा. शिवाय टायरची वरची कड स्ट्रटकडे सरकते, म्हणून रुंद टायर असेल तर मध्ये बोट जातंय का ते तपासा.

कॅम्बर प्लेट स्ट्रटचं वरचं टोकच आत सरकवते. अख्खा स्ट्रट कलत असल्यामुळे टायर आणि स्ट्रट यांतलं अंतर तेवढंच राहतं, आणि कॅम्बरही जास्त मिळतो. दुसरा फायदा कमी बोलला जातो: वरचं जाड रबरी माउंट निघून तिथे गोलाकार बेअरिंग येतं, त्यामुळे स्टिअरिंगमधला लगद्यासारखा ढिलेपणा जातो. तोटाही तिथेच. खड्ड्यातून जाताना टकटक ऐकू येते, आणि बेअरिंगमध्ये धूळ गेली की वाढत जाते. हीच गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल तर घरच्यांना आधी कल्पना द्या.

बोल्ट असो की प्लेट, कॅम्बर बदलला की टो (वरून बघताना चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बदलतोच. दोन्ही बाजूंनी गाडीला समांतर दोऱ्या ताणून, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजून टो घरी नीट लावता येतो. तो न लावता ट्रॅकवर जाणाऱ्याचा नवा टायर दोन दिवसांत जुना होतो.

स्प्रिंग-शॉकची जोडी

इथे थोडं गणित केलं तर पुढची बरीच चर्चा आपोआप मिटते. समजा पुढच्या एका चाकावर ३०० किलो येतात. त्यातले चाक, ब्रेक वगैरे ३५ किलो वजा केले तर स्प्रिंगवर तोललेलं वजन २६५ किलो उरतं. साध्या गाडीचं पुढचं टोक सेकंदाला साधारण १.३ वेळा हेलकावतं, आणि विंग वगैरे नसलेल्या ट्रॅकच्या गाडीला २ ते २.५च्या आसपास हवं असतं. २.२ धरलं तर चाकापाशी लागणारा ताठपणा दर मिलिमीटरला सुमारे ५१ न्यूटन येतो. स्ट्रटमध्ये चाक १ मिलिमीटर हललं की स्प्रिंग सुमारे ०.९५ मिलिमीटर दबते. या आकड्याच्या वर्गाने भागायचं. स्प्रिंग निघते दर मिलिमीटरला ५.७ किलोची. मूळची याच हिशेबाने २ किलोची असते. म्हणजे जवळजवळ तिप्पट.

आता शॉक. त्याच वजनावर स्प्रिंग जितकी पट वाढेल, त्याच्या वर्गमुळाइतक्या पटीने डॅम्पिंग, म्हणजे शॉकची हेलकावे रोखायची ताकद, वाढायला हवं. तिपटीला साधारण १.७ पट. मूळच्या शॉकवर तिप्पट ताठ स्प्रिंग चढवली तर दाबली गेलेली स्प्रिंग शॉकला न जुमानता उसळते आणि टायर रस्त्यावर टप्पे खात जातो. म्हणूनच ‘आत्ता स्प्रिंग घेतो, शॉक पुढच्या वर्षी’ हा या खेळातला सगळ्यात महागडा काटकसरीचा मार्ग आहे. उलटं केलं तर मात्र चालतं. चांगला शॉक मूळ स्प्रिंगवरही गाडी सुधारतो, विशेषतः एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पटकन वळताना.

या पर्यायात उंची ठरलेली असते, बहुधा २० ते ३० मिलिमीटर खाली. लोक याला कमतरता म्हणतात. मला ती सोय वाटते, कारण चुकायला जागाच राहत नाही. स्प्रिंग आणि शॉक एकमेकांसाठी जुळवलेले असतात, शॉकच्या रॉडला वर-खाली फिरायला पुरेशी जागा उरलेली असते, आणि काम संपलं की माणूस गाडी चालवायला लागतो.

कॉइलओव्हर

उंची हवी तशी, स्प्रिंग हवी ती, बरेचदा कॅम्बर प्लेट सोबतच येते, वर शॉकच्या टोकाला फिरवायची कळ. कागदावर यापुढे काही उरत नाही. मीही हेच वाचून एक संच घेतला होता. हौसेने गाडी ५० मिलिमीटर खाली बसवली. फोटोत झकास दिसत होती. ट्रॅकवर मात्र वळणाच्या मधोमध पुढचं टोक अचानक बाहेर सुटायचं, इशारा न देता, जणू टायरखाली कोणी साबण ओतला. दोष मी टायरला दिला, मग हवेला, मग स्वतःच्या हातांना. शेवटी शॉकच्या रॉडभोवती प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधली आणि एकच फेरी मारली. पट्टी पार बंप स्टॉपच्या रबराला टेकलेली होती. गाडी स्प्रिंगवर नव्हे, रबराच्या ठोकळ्यावर वळत होती. ठोकळा लागला की पुढचा ताठपणा एकदम कित्येक पट होतो आणि बाहेरच्या टायरवर नको तेवढा भार येतो.

तेव्हा कॉइलओव्हर घेताना पहिला प्रश्न हा विचारा की उंची कशाने बदलते. साध्या रचनेत स्प्रिंगखालची चकती फिरवून उंची कमी होते, आणि तेवढीच दाबायची जागाही जाते. बऱ्या रचनेत स्ट्रटचं अख्खं नळकांडं खालच्या ब्रॅकेटमध्ये वर-खाली होतं, आणि शॉकच्या आतली जागा राखता येते. (तरी टायर चाकाच्या कमानीला लागतो की नाही हे वेगळं बघावंच लागतं.) दुसरं, चकती वर चढवली म्हणजे स्प्रिंग ताठ होते हा गैरसमज सोडा. साधी स्प्रिंग चकतीच्या जागेने ताठ किंवा मऊ होत नाही, फक्त गाडी उचलली जाते.

कळेचंही तसंच. एका कळेच्या शॉकमध्ये ती मुख्यतः स्प्रिंग परत उघडताना लागणारा अडसर बदलते, थोडाफार दाबतानाचाही. मधोमध ठेवा, एका वेळी दोन टिचक्या फिरवा, वहीत लिहा. दोन-तीन कळांचे शॉक ज्याच्याकडे वही नाही त्याने घेऊच नयेत.

मग कॉइलओव्हर कोणासाठी? चारही चाकांचं वजन वेगवेगळं मोजून बसवणाऱ्यासाठी. पुढचा डावा अधिक मागचा उजवा ही बेरीज एकूण वजनाच्या निम्मी यावी, म्हणजे गाडी डावी-उजवीकडे सारखी वळते. हे काम चकत्या फिरवूनच होतं, स्प्रिंग-शॉकच्या ठरलेल्या जोडीने होत नाही. मोजताना चालकाच्या सीटवर चालकाइतकं वजन ठेवा आणि अँटी-रोल बारची (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याची) एक लिंक सोडा, नाहीतर बारमधला पीळ आकडे फिरवतो.

गाडी खाली घेण्याचा छुपा खर्च

वाकून लोअर आर्मकडे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याकडे, बघा. चाकाकडचा बॉल जॉइंट आतल्या टोकाच्या रबरी बुशपेक्षा वर गेलेला दिसला तर गाडी स्ट्रटला सोसेल त्यापेक्षा खाली गेलीय. गुरुत्वमध्य जितका उतरला, त्याहून जास्त रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) उतरलं. दोघांतलं अंतर वाढलं, आणि गाडी खाली असूनही त्याच स्प्रिंगवर आधीपेक्षा जास्त कलते. वर, चाक दबताना मिळणारा तो थोडासा कॅम्बरही हातचा जातो. लांब बॉल जॉइंट घालून आर्मचा कोन सुधारतो, पण स्टिअरिंगच्या टाय रॉडचं टोक तेवढंच खाली घेतलं नाही तर चाक दबताना आपोआप वळायला लागतं. बंप स्टिअर म्हणतात तो हाच. स्प्रिंग काढून, चाक जॅकने दर १० मिलिमीटरला वर नेत टो मोजला की लगेच पकडता येतो. यात पडायचं नसेल तर उपाय फुकट आहे: गाडी १५-२० मिलिमीटर वर घ्या.

बुश आणि अँटी-रोल बार उरले. पॉलियुरेथेन बुश एकाच अक्षावर फिरणाऱ्या जागी छान, पण आर्मच्या ज्या बुशला पीळही सोसावा लागतो तिथे तो अडकतो. सिलिकॉन ग्रीस लावलं नाही तर चारपाईसारखा कुरकुरतो. बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे २२चा भरीव बार काढून २४ मिलिमीटरचा घातला तर ४० टक्क्यांहून जास्त. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढचा बार जाड केला की वळणातून निघताना आतलं चाक नुसतं गरगरतं, म्हणून तिथे मी आधी मागच्या बारकडे बघतो.

पुढे डबल विशबोन (चाकाला वर एक, खाली एक असे दोन आर्म) असेल, उदाहरणार्थ पहिल्या दोन पिढ्यांची माझदा एमएक्स-५ किंवा १९९०च्या दशकातली होंडा सिव्हिक, तर वरचा बराच भाग तुम्हाला लागू नाही. कॅम्बर तिथे रचनाच बऱ्यापैकी सांभाळते. स्प्रिंग मात्र आर्मच्या मधल्या भागावर बसते. चाक १ मिलिमीटर हलल्यावर ती ०.६५ मिलिमीटरच दबत असेल तर वरच्याच हिशेबाने ५.७ऐवजी १२ किलोची स्प्रिंग लागते. मित्राच्या गाडीचा स्प्रिंगचा आकडा उचलून आपल्या गाडीत वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

हात घालण्याआधी

तिन्ही पर्यायांत स्ट्रट बाहेर काढावाच लागतो, आणि बहुधा उघडावाही लागतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून ती वरच्या माउंटपासून सुटी झाल्याशिवाय रॉडचा नट ढिला करायचा नाही. इतक्या ताकदीने दबलेली स्प्रिंग सुटली तर ती छताला लागते की तुम्हाला, एवढंच ठरायचं उरतं. गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर. कॅलिपर तारेने टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. आणि लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाकं हवेत असताना कसू नका. तसे कसले तर गाडी जमिनीवर आली की रबराला कायमचा पीळ बसतो आणि काही महिन्यांत ते फाटतं. आधी चाकाखाली भार घ्या, गाडी तिच्या उंचीला येऊ द्या, मग टॉर्क पान्याने कसा.

नव्या स्प्रिंग पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये दोन-चार मिलिमीटर बसतात, म्हणून त्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे, दोऱ्या पुन्हा ताणायच्या. आणि रॉडवरची ती प्लास्टिकची पट्टी काढायची नाही.